सेफ्टी रेझरचं एक ब्लेड जास्त दाढ्या कसं चालवायचं?

बेसा_बॉय
नमस्कार मंडळी. कार्ट्रिजवाला, म्हणजे अख्खं डोकंच बदलावं लागते तो रेझर सोडून मी आता जुन्या पद्धतीचा सेफ्टी रेझर वापरून राहिलो, दोन्हीकडून धार असलेलं ब्लेड लागते तो. पहिली दाढी एकदम मस्त, दुसरीही चांगली, पण तिसरी-चौथी आली की केस कापण्याऐवजी ओढल्यासारखे होतात आणि हनुवटीखाली लाल पुरळ पक्का. ऑफिसात एक जण म्हणते त्याचं ब्लेड दहा-बारा दाढ्या आरामात जाते, आता तो फेकून राहिला की खरंच काही टेक्निक आहे हे समजून घ्यायचं आहे. माझी दाढी जाड आणि खरबरीत, एक दिवसाआड करतो, घरी बोअरचं पाणी. यूट्यूबवर पाहिलं तर कोणी म्हणते जीन्सवर घासा, कोणी म्हणते तेलात बुडवून ठेवा, एक जण तर फ्रिजमध्ये ठेवायला सांगून राहिला होता. आमचे बाबा म्हणतात काचेच्या ग्लासात घासलं की ब्लेड महिनाभर जाते. नेमकं करायचं काय? आणि हो, "दोन रुपयाचं ब्लेड बदल ना बे" असं कोणी लिहू नका, पैशाचा प्रश्न नाही, उत्सुकता आहे.

इतवारीवाला
दोन रुपयाचं ब्लेड बदल ना बे.

महाल_मेकॅनिकल
वरच्या भाऊकडे दुर्लक्ष कर. तुझा प्रश्न चांगला आहे, कारण केस स्टीलपेक्षा साधारण पन्नास पट मऊ असतो, मग मऊ वस्तूने टणक वस्तूची धार जाते कशी? यावर अमेरिकेत एमआयटी नावाच्या विद्यापीठातल्या मंडळींनी बसून काम केलं आणि 2020 साली ते 'सायन्स' मासिकात आलं. त्यातल्या रोस्चिओली नावाच्या संशोधकाने आधी स्वतःची दाढी करून दर वेळी ब्लेड इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिलं. आपल्याला वाटते की धार हळूहळू घासून गोल होत असेल नाहीतर गंजत असेल, पण त्याला तसं फार काही दिसलं नाही, दिसले ते धारेचे बारीक टवके उडालेले. मग त्यांनी मायक्रोस्कोपच्या आतच केस कापायचं छोटं यंत्र बसवलं. केस धारेला सरळ काटकोनात आला तर टवका उडत नाही, केस वाकायला मोकळा असला आणि तिरका होऊन धारेला बाजूने भिडला की उडते, तेही जिथे स्टीलची आतली रचना एकसारखी नाही अशा कमजोर जागी. केस जाड का बारीक याने प्रकार बदलत नाही, म्हणून दाढीच्या जाडीला फार दोष देऊ नको.

आता यातून आपल्या कामाचं काय? एक, केस आधी भिजव, नीट भिजव. केस पाणी पितो, फुगतो आणि कापायला बराच कमी जोर लागतो, पण त्याला दोन-तीन मिनिटं द्यावी लागतात, तोंडावर दोन हबके मारून लगेच फेस लावला तर वरवर ओला दिसते आणि आतून कोरडाच राहते. आंघोळीनंतर दाढी कर, निम्मा प्रश्न तिथेच संपते. दोन, ज्या हाताने ब्लेड चालवतो त्याने दाब देऊ नको, रेझरचं वजन पुरेसं आहे. कार्ट्रिजवरून आलेले सगळे दाबतात कारण तिथे डोकं हलते आणि दाब खपून जातो. तीन, दुसऱ्या हाताने कातडी ताणून धर म्हणजे खुंट उभा राहते आणि कमी वाकते. ब्लेड गालाशी साधारण 30 अंशाच्या कोनात ठेवायचं.

धरमपेठ_निवांत
एक शंका. ओला केस तर कोरड्यापेक्षा जास्त वाकेल ना? मग तुमच्याच हिशोबाने टवके जास्त उडायला पाहिजेत. कुठेतरी गडबड होऊन राहिली.

महाल_मेकॅनिकल
शंका बरोबर आहे, मलाही वाचताना तीच आली होती. माझं मत असं की वाकणं थोडं वाढत असेलही, पण कापायचा जोरच उतरला तर धारेवर येणारा ताणही उतरते, आणि दोन्हींत जोराचं पारडं जड पडते. हे मत आहे, त्या पेपरातलं वाक्य नाही. म्हणूनच कातडी ताणायची गोष्ट मी वेगळी लिहिली. आणि खुंट फार वाढू देऊ नको, लांब केस जास्त वाकते. आठवडाभराची दाढी असेल तर आधी ट्रिमर फिरव, मग ब्लेड. सुट्ट्यांनंतर पहिल्याच दाढीत ब्लेड बोथट होते ते यामुळेच.

नंदनवन_काका
पोट्टे हो, आम्ही काय उगाच काचेचा ग्लास घासत होतो का? माझे वडील ग्लासाच्या आतल्या बाजूला ब्लेड आडवं ठेवून दोन बोटांनी इकडून तिकडे फिरवायचे, मग पलटवून तेवढंच, आणि एक ब्लेड किती दिवस चालायचं विचारू नका. तेव्हा पाकीट आणलं की घरात ते जपून ठेवायचे. तळहातावर घासणारेही होते. आता सगळं मायक्रोस्कोपने ठरवता. आमच्या काळी दाढी होतच नव्हती का?

महाल_मेकॅनिकल
काका, होत होती आणि ग्लासही काम करत होता, तुमचं म्हणणं खोटं नाही. फक्त ते ब्लेड वेगळं होतं. जिलेटचा सेफ्टी रेझर 1903 मध्ये बाजारात आला, पहिल्या वर्षी 51 रेझर आणि 168 ब्लेडं विकली गेली म्हणतात, तिथपासून पुढची जवळपास साठ वर्षं ही ब्लेडं कार्बन स्टीलची, वर कोणतंच कोटिंग नाही. ती गंजायची, धार दुमडायची, मग काचेवर किंवा चामड्यावर घासली की दुमडलेली धार सरळ व्हायची. त्या काळात परदेशात ब्लेड घासायची यंत्रंसुद्धा मिळायची, खास त्यासाठी खोलगट काचही विकायचे. मग 1962 च्या सुमारास विल्किन्सन सोर्डने कोटिंगवालं स्टेनलेस ब्लेड आणलं, पुढच्या वर्षी जिलेटने, आणि चित्रच बदललं. आजच्या ब्लेडच्या धारेवर क्रोमियम, प्लॅटिनम असा काहीतरी पातळ थर आणि त्यावर टेफ्लॉनचा, म्हणजे नॉनस्टिक तव्याला असते तोच. हे ग्लासात घासलं तर तो थरच निघायची भीती, आणि उडालेला टवका काही परत येत नाही. नवीन ब्लेड गालावर सुळसुळ फिरते ते बरचसं त्या थरामुळे.

फ्रिजवाल्याचं माहीत नाही, पण त्याहून भारी एक आहे. चेकोस्लोव्हाकियात एका इंजिनिअरने पुठ्ठ्याच्या पिरॅमिडखाली ब्लेड ठेवलं की धार परत येते असा दावा केला आणि 1959 मध्ये त्याला त्याचं पेटंटही मिळालं. पेटंट मिळालं म्हणजे गोष्ट खरी असं नसते, हे तेवढ्यासाठी सांगितलं, नाहीतर उद्या कोणी बाथरूममध्ये पिरॅमिड बांधेल.

नंदनवन_काका
पिरॅमिड राहू दे, तुझं कार्बन स्टीलचं पटलं. तरी ग्लास मी टाकणार नाही.

सक्करदरा_सलून
आमचं पिढीजात दुकान आहे म्हणून दोन गोष्टी बोलतो. गिऱ्हाइकाला आम्ही ब्लेड अर्धं तोडून वस्तऱ्यात लावतो आणि एका माणसानंतर फेकतो, त्यामुळे एक ब्लेड जास्त चालवायचा अनुभव दुकानात नाही, तिथे तो विषयच नको, हिपॅटायटिस बी, एचआयव्ही सगळं रक्तातून जाते. घरीही भावाभावात, बापलेकात एक ब्लेड वापरू नका, बचत गेली चुलीत.

पण दाढी कशी करायची ते सांगू शकतो. तुम्ही लोक फेस लावता आणि लगेच सुरू होता. आम्ही ब्रश गालावर गोल गोल फिरवून साबण केसांच्या मुळात घालतो, मग गिऱ्हाईक गप्पा मारते, आम्ही हात धुतो, ब्लेड तोडतो, तेवढ्यात केस मऊ होते. पहिला हात नेहमी सुलटा, केस ज्या बाजूला वाढते त्याच बाजूला. उलटा हात मारायचाच असेल तर परत फेस लावून, आणि रोज घरी करणाऱ्याला उलट्या हाताची गरजच काय? लग्नाला जायचं असेल तर मारा. उलटा हात सोडला तर ब्लेडही जास्त चालते आणि तुमचं ते हनुवटीखालचं लाल होणं पण कमी होईल. गळ्यावर केस सगळ्यांचे खालून वर नसतात बरं का, कोणाचे आडवे, कोणाला भोवरा. बोट फिरवून पाहा, जिकडे नेताना खरखर लागते त्याच्या उलट दिशेने ब्लेड न्या.

बेसा_बॉय
धन्यवाद सलूनभाऊ, काल तसं करून पाहिलं, गळ्याच्या डाव्या बाजूला माझे केस खरंच आडवे निघाले, मी तिथे इतके दिवस वरून खाली ओढत होतो. बोअरच्या पाण्याचं कोणी बोललं नाही पण. आणि दाढी झाल्यावर ब्लेड काढून पुसायचं का तसंच ठेवायचं? तेलाचं काय?

मनीषनगर_मी
बोअरच्या पाण्याचं मी सांगतो, आमच्या सोसायटीतही तेच होतं. जड पाण्यात साबण फेसच धरत नाही, कॅल्शियमसोबत त्याचा चिकट पांढरा चोथा होते आणि तो गालावरही बसते, रेझरवरही. फेस पातळ म्हणजे ब्लेड कोरडं चालून राहिलं समज. मी दाढीपुरता एक मग आरओचं पाणी गरम करून घेतो, नळाला पेंच धरणाचं पाणी येते तेव्हा तेही चालते. ब्रश, साबण, भिजवणं सगळं त्या मगातच. मे महिन्यात गरम करायचंही काम नाही, दुपारी टाकीचं पाणी घेतलं तर हात भाजते आपल्याकडे.

दुसरं म्हणजे रेझर उघडून पाहा. ब्लेड जिथे बसते त्या पट्टीवर पांढरा खर जमला असेल तर ब्लेड सपाट बसत नाही, एका बाजूला जास्त बाहेर येते आणि थरथरते. ब्लेड फक्त 0.1 मिलिमीटर जाड असते, रेझर घट्ट आवळला की ते वाकते आणि त्या वाकण्यानेच त्याला ताठरपणा येते. म्हणून दांडा पूर्ण आवळायचा. अर्धवट आवळून वापरायची आयडिया काही लोक सांगतात, ती नको.

महाल_मेकॅनिकल
खराचं एकदम बरोबर. पुसायचं अजिबात नाही, टॉवेलला धार लागली की तिथेच थर खरवडते, शिवाय बोट कापते ते वेगळंच. रेझर वाहत्या पाण्यात धुवायचा, दोन झटके द्यायचे, आणि बाथरूमच्या बाहेर उभा ठेवायचा. बेसिनवर आपटायचा नाही, बरेच जण केस काढायला ठकठक करतात.

तेल, स्पिरिट वगैरे केलं तर नुकसान नाही. पण धार मुळात गंजाने जात नसेल तर तेलाने किती वाचेल? स्टेनलेस असलं तरी पावसाळ्यात पाणी साचून डाग पडतात, तेवढ्यापुरता उपयोग. जुलै-ऑगस्टमध्ये दिवसभर कूलर आणि बाथरूमला खिडकी नाही अशा घरात मी थोडं तेल लावेन, उन्हाळ्यात आपल्या नागपुरात तसंही पाच मिनिटात सगळं वाळून कडकडीत होते.

आणि एक जे कोणी सांगत नाही, दोन्ही धारा सारख्या वापर. आपल्या हाताची सवय असते, एकच बाजू जास्त चालते. ती बोथट झाली की आपण ब्लेड गेलं म्हणतो आणि दुसरी बाजू अर्धी नवीच असते. काही ब्लेडवर कोपऱ्यात 1, 2, 3, 4 असे आकडे छापलेले असतात, ते बाजू लक्षात ठेवायलाच. गालाचे दोन पट्टे झाले की रेझर पलटवायचा एवढं ठरवलं तरी पुरे.

इतवारीवाला
आता माझंही ऐक, वर मस्करी केली ती केली. एकाच कंपनीचं मोठं पाकीट घेऊन बसू नको. इतवारीत होलसेलवाल्यांकडे टोपाझ, सेवन ओ'क्लॉक, विल्किन्सन असं सगळं मिळते, एकेक छोटं पाकीट घे आणि प्रत्येक ब्लेड सारख्याच पद्धतीने वापरून पाहा. एकाला जे ब्लेड आठ दाढ्या जाते ते दुसऱ्याला दोनमध्ये टोचते, रेझर वेगळा, केस वेगळा, हात वेगळा. तुझ्या ऑफिसवाल्याची दाढी कशी आहे ते पाह्यलं का? चार केस असतील तर दहा-बारा दाढ्या जाईलच ना भौ.

बेसा_बॉय
हाहा, त्याला फक्त मिशी आणि हनुवटीवर आहे, गाल साफ! हे डोक्यातच आलं नव्हतं.

गोकुळपेठ_ताई
दाढीतलं मला काही समजत नाही, पण वापरून झालेल्या ब्लेडचं बोलते. कृपा करून कचऱ्याच्या पिशवीत सुटं टाकू नका, गाडीवाले दादा हाताने कचरा वेगळा करतात. आमच्याकडे एक रिकामा पत्र्याचा डबा आहे, झाकणाला चीर पाडली आहे, त्यात ब्लेड टाकत राहायचे, डबा भरायला वर्षं जातात. भरला की टेप लावून, वर "ब्लेड" लिहून वेगळा द्यायचा. अमेरिकेत जुन्या घरांत म्हणे बाथरूमच्या कपाटाला फट असायची, ब्लेड सरळ भिंतीच्या पोकळीत, आता लोक घर तोडताना शेकड्याने सापडतात.

आणि दाढीला गेलेलं ब्लेड शिलाई उसवायला अजून कितीतरी दिवस चालते, मी ब्लाउजचं काम करते, यांच्याकडून मागूनच घेते. फक्त एका बाजूला जाड टेप लावून.

धरमपेठ_निवांत
मग फेकायचं कधी, आकडा सांगा कोणीतरी.

सक्करदरा_सलून
आकडा नाही. पहिल्याच पट्ट्यात मिशीखाली ओढलं, डोळ्यात पाणी आलं की तिथेच थांबायचं आणि नवीन लावायचं, "आजचा दिवस काढून घेतो" म्हणून पुढे जायचं नाही. बोथट ब्लेडवर माणूस आपोआप दाब देते, मग कापते, मग तुरटी फिरवत बसा. जाड दाढीला पाच-सहा नीट झाल्या तरी खूप झालं.

बेसा_बॉय
ठीक आहे. रविवारी रेझरचा खर काढतो आधी. लिंबाने निघेल का? रेझर क्रोमवाला आहे, साधाच.

मनीषनगर_मी
निघेल, पण रात्रभर बुडवून ठेवू नको, आतला धातू स्वस्तातला जस्ताचा असते, क्रोम कुठे उडालं असेल तर लिंबू तो खाते. पाच-दहा मिनिटं ठेव, जुन्या टूथब्रशने घास, साध्या पाण्याने धू. आणि हे करताना ब्लेड आधी बाहेर काढ.