रंग सोडला, आता मधले महिने कसे काढायचे?

तुळशीकट्टा:
माळा आवरताना मेंदी भिजवायची जुनी लोखंडी कढई हाती आली, म्हणून हा धागा. रंग सोडून पांढरे केस राखायचे ठरवलेल्या कितीतरी जणी चौथ्या-पाचव्या महिन्यात पुन्हा रंगाचं पाकीट फोडतात. निर्धार कच्चा असतो असं नाही. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतात, म्हणजे चौथ्या महिन्यात भांगाला पाच सेंटीमीटरचा पांढरा पट्टा. त्यात लग्नकार्य आलं की कुणीतरी विचारतंच, "बरं नाही का गं?" तिथे धीर सुटतो. त्या महिन्यांत नेमकं काय करायचं ते लिहा. कात्री लावायची नसेल तर खांद्यापर्यंतच्या केसांना दोन-अडीच वर्षं धरून चाला.

कात्री-कंगवा:
पार्लरमधून लिहितेय, मधेच उठावं लागेल. पट्टा पाच-सहा सेंटीमीटर झाला की मानेपर्यंतचा बॉब करा. मग दर सहा-सात आठवड्यांनी खालची कड कापत गेलं की वर्षभरात रंग जवळजवळ संपतो. सरळ भांग नको. कंगव्याच्या शेपटीने नागमोडी पाडा, पट्ट्याची रेघ मोडते.
"एका बैठकीत सगळे पांढरे करून देतो" असं कुणी म्हटलं तर थांबा. रंगावर रंग लावून काळा उतरत नाही, ब्लीचच लागतं. पूर्वी पाकिटातली मेंदी लावली असेल आणि तिच्यात धातूचे क्षार असतील, तर ब्लीचने केस तापून तुटतात. मागच्या बाजूचे चार केस कापून वाटीत ब्लीचमध्ये बुडवून बघायला सांगा. वाटी गरम झाली, केस ताणल्यावर रबरासारखे लांबले, तर विषय संपला. करायचंच तर काळ्या भागात बारीक बटा, दोन-तीन बैठकांत.

सरू:
भुवयांचं कुणीच लिहिलं नाही! केस पांढरे आणि भुवयांना काळीकुळकुळीत पेन्सिल, चेहरा रागीट दिसतो. राखाडी-तपकिरी घ्या. बदामी, मोतिया साड्या काही दिवस कपाटात राहू देत, गर्द हिरवा नाहीतर राणी रंग नेसा. "बरं नाही का" हा प्रश्न निम्मा त्या फिक्या साडीमुळे येतो.

रात्रपाळी:
पांढरे केस पिवळट का पडतात? बोअरचं पाणी?

कात्री-कंगवा:
पाण्यातलं लोह, ऊन, गरम इस्त्री, तिन्ही. जांभळा शाम्पू आठवड्यातून एकदा, दोन-तीन मिनिटं. जास्त ठेवला तर जांभळी झाक राहते. शेवटचा तांब्या फिल्टरच्या पाण्याचा घ्या. बसलेल्या बाई बोलावतायत, येते.

पाटावरवंटा:
पांढरे नकोच असतील तर मेंदीवर नीळ. कपड्यांची नव्हे, पाल्याची पूड. आधी 100 ग्रॅम मेंदी दोन-तीन तास लावून धुवायची, केस भगवे दिसतील, घाबरू नका. मग तेवढीच नीळ कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून कालवा, पंधरा मिनिटांत लावायला घ्या, तास-दीड तास ठेवा. लिंबू किंवा दही घातलं की ती नीट चढत नाही, सगळ्या चुकतात त्या इथेच. दोन दिवस शाम्पू नको. पण पांढरे राखणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. मेंदी कापूनच जाते, एकदा लावली की मोजणी पहिल्यापासून.

गवती चहा:
"काळी मेंदी" पाकिटात बऱ्याचदा पीपीडी हे केस काळे करणारं रसायन असतं, मागचा बारीक मजकूर वाचा. कानामागे थेंब लावून 48 तास थांबा. त्रास झाला तर डोक्यापेक्षा पापण्या, कान आणि मान आधी सुजतात, म्हणून डास चावला समजून लोक पुढच्या महिन्यात पुन्हा लावतात. एकदा सूज आली की ते रसायन कायमचं बंद. आणि पंचविशीच्या आतच केस पांढरे होत असतील तर बी12 आणि थायरॉईड तपासा.

निळी छत्री:
तुळशी, कढई टाकू नकोस गं. चहाच्या पाण्यातला टॅनिन आणि लोखंड मिळून मेंदी गडद होते, स्टीलच्या पातेल्यात ते होत नाही. गंज चिंचेने घास. स्वयंपाकाला मात्र पुन्हा वापरू नकोस.

जुनी पेटी:
थोडं अवांतर. 1890 मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं. बाईच्या डोक्यावर वस्तरा फिरायचा तो तिला न विचारता. म्हणून आज केस ठेवायचे, कापायचे की पांढरे राखायचे हे तिने ठरवणं मला फार मोठं वाटतं.

तुळशीकट्टा:
अवांतर कसलं, हे हवंच होतं.

रात्रपाळी:
अंबाड्यात पट्टा लपतो का? रविवारी साखरपुडा आहे.

सरू:
उलट. केस मागे ओढले की कपाळावरचा पांढरा जास्त उठतो. सैल वेणी घाल, कानावर एखादी बट सोड. मोगरा वर माळू नकोस, पांढऱ्यावर दिसत नाही, खाली काळ्यावर माळ. वर माळायचीच असेल तर अबोली.