घर बदलतोय, काय न्यायचं काय सोडायचं?

रामबागकर:
रामबागेतलं जुनं घर सोडून बायपासकडच्या फ्लॅटमध्ये जाऊन राहिलोय. महिनाभर सामान बांधतोय आणि माळ्यावरून इतकं निघालं, तीन मिक्सर, दोन डिनर सेट कधी न उघडलेले. आई गेल्या वर्षी गेली, तिचं सगळं मात्र एका पिशवीत मावलं, बाळकृष्ण, सहाण, जपमाळ, दोन नऊवारी. ती गंध उगाळत असली की घरात कोणी तिला हाक मारायचं नाही. मला पूजा कधी नीट जमली नाही, पण पिशवी हातात घेतली आणि वाटलं २५ वर्षं मी कशामागे पळत होतो? खरंच गरजेचं काय ते तुम्ही कसं ठरवता?

नर्मदाकाठ:
दादा, एकदा महेश्वरला जाऊन या, इंदूरहून ९० किमीच्या आसपास. अहिल्याबाईंचा वाडा बघा. १७५४ ला कुंभेरला नवरा गेला, १७६६ ला सासरे मल्हारराव, १७६७ ला मुलगा मालेराव, आणि त्यानंतर बाईंनी २८ वर्षं राज्य चालवलं. राज्य शंकराचं, आपण फक्त सांभाळणारे, म्हणून हुकमावर सही पण 'श्रीशंकर' करायच्या. १७८० ला काशी विश्वनाथाचं देऊळ बांधलं, देशभर घाट बांधले आणि स्वतःचा वाडा लाकडी खांबांचा, साधा. तिथे अजून रोज सकाळी मातीची बारीक शिवलिंगं हाताने करतात, पूजा करतात आणि नर्मदेत सोडतात, उद्या परत नवी. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा नोकरी जायची वेळ आली होती, नंतर घाटावर दोन तास नुसता बसून होतो.

सुदामानगरची ताई:
महेश्वर बरोबरच, पण साधेपणा म्हणजे सामान फेकणं नव्हे हो. सासूबाई दोन वर्षं अंथरुणाला होत्या तेव्हा वस्तूही जास्त लागल्या आणि पैसाही, त्याला उगाच नावं ठेवू नका. माझी रोजची पोथी सुटली, वेळच नव्हता. मग त्यांचं अंग पुसताना रामनाम घ्यायचे, बोलणं बंद झालं होतं तरी त्या ओठ हलवायच्या. माझ्यासाठी तीच पूजा. मिक्सर कामवालीला देऊन टाका, तिच्या उपयोगी येईल.

रामबागकर:
ताई, दोन मिक्सर दिले. नवीन घरात देवघराला जागाच ठरवली नव्हती, आत्ता किचनवाल्याला फोन करून मायक्रोवेव्हचा कप्पा नको सांगितलं, तिथे बाळकृष्ण बसेल. सहाण आहे पण आईचं चंदनाचं खोड झिजून संपलंय, राजवाड्याकडे चांगलं कुठे मिळेल?