माऊथवॉशच्या गुळण्यांनी व्हायरस मरतो का? (घरात फ्लू आहे, प्लीज वाचा)

निळीशाई:
घरात तिघं आजारी आहोत. आधी बाबा, मग मी, आणि काल रात्रीपासून वहिनीलाही कणकण आहे. टेस्ट केली तर फ्लू निघाला. बाबांनी कुठेतरी वाचलंय की माऊथवॉशने तीस सेकंदांत व्हायरस मरतो, आणि तेव्हापासून दर दोन तासांनी त्यांच्या गुळण्या चालू आहेत, दोन दिवसांत बाटली अर्ध्यावर आलीये. तेवढ्यावर असतं तर मी काही बोलले नसते, पण आता ते म्हणतात माझा घसा साफ आहे, माझ्यापासून कोणाला काही होणार नाही, आणि मास्क काढून सगळ्यांत येऊन बसतात. वहिनीचं बाळ नऊ महिन्यांचं आहे हो, मला त्याचीच जास्त भीती वाटतेय.

मला त्यांच्याशी भांडायचं नाहीये. ते सगळ्यांच्या काळजीपोटीच करतायत. पण तीस सेकंदांचं हे खरं आहे का? आणि बाकीचं पण सांगा, म्हणजे मीठ-पाण्याच्या गुळण्या, वाफ, मध वगैरे, यातलं काय खरंच उपयोगी आहे आणि काय नुसतं मनाचं समाधान? आत्या म्हणतेय बाळाला पण बोटावर थोडं मध चाटवा, घशाला बरं पडेल.

पांढरीछत्री:
निळीशाई, बाकीचं नंतर, आधी हे. बाळाला मध देऊ नका. बोटावर नाही, थेंबभर नाही, अजिबात नाही. एक वर्षाच्या आतल्या मुलांना मध चालत नाही कारण त्यात बोटुलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, मोठ्या माणसाच्या आतड्यात ते काही करत नाहीत पण एवढ्या लहान बाळाच्या आतड्यात ते वाढतात आणि विष तयार करतात, त्याने स्नायू लुळे पडतात. मध उकळून पण ते बीजाणू जात नाहीत. आत्यांना आत्ताच सांगा. मी नर्स आहे, ड्यूटी संपली की सविस्तर लिहिते.

हिरडी:
मी दातांची डॉक्टर, त्यामुळे माऊथवॉशचं मी बोलते.

बाबांनी वाचलं ते अगदी खोटं नाहीये, आणि म्हणूनच ते समजावणं अवघड जातं. २०२० मध्ये लॅबमध्ये बऱ्याच माऊथवॉशवर प्रयोग झाले आणि काहींनी कोरोनाव्हायरस तीस सेकंदांत निष्क्रिय केला होता. आम्हीसुद्धा त्या काळात पेशंटला खुर्चीत बसवलं की आधी गुळणी करायला लावायचो, कारण ड्रिल सुरू झालं की तोंडातले तुषार सगळीकडे उडतात. पण आमचा हेतू एवढाच होता की पुढची काही मिनिटं लाळेतला व्हायरस कमी असावा. पेशंट बरा होईल किंवा घरी गेल्यावर कोणाला लागण करणार नाही असं आमच्यातलं कोणी म्हणत नव्हतं.

दुसरं म्हणजे 'माऊथवॉश' हे काही एकच औषध नाहीये. प्रत्येकात जंतू मारणारं रसायन वेगळं, कुणात सीपीसी (सेटिलपिरिडिनियम क्लोराइड) असतं, कुणात क्लोरहेक्सिडिन, कुणात पोव्हिडोन आयोडीन, आणि काहींमध्ये अल्कोहोल. अल्कोहोल आहे म्हणजे सॅनिटायझरसारखं काम करेल असं लोकांना वाटतं, पण हाताच्या सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल निदान ६० टक्के लागतं आणि माऊथवॉशमध्ये जास्तीत जास्त २५ टक्क्यांच्या आसपास असतं, बऱ्याच बाटल्यांत तर शून्य. बाबांची बाटली उलटी करून मागचं लेबल वाचा.

आणि दर दोन तासांनी म्हणजे फार झालं. तोंड कोरडं पडेल, आग होईल, चवीवर परिणाम होईल. क्लोरहेक्सिडिन असेल तर दातांवर तपकिरी डाग येतात, ते काढायला माझ्यासारखीकडेच यावं लागतं. पोव्हिडोन आयोडीन असेल आणि बाबांना थायरॉइडचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. अजून एक, हे फार जणांना माहीत नसतं. जिभेवर काही चांगले बॅक्टेरिया असतात, अन्नातल्या नायट्रेटपासून ते जे बनवतात त्यातून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतं आणि रक्तदाब ताब्यात राहायला त्याची मदत होते. तीव्र माऊथवॉशने हे बॅक्टेरियाही मरतात आणि काही लोकांत बीपी किंचित वाढलेलं दिसलंय. बाबांना बीपी असेल तर हे नक्की सांगा, माझे पेशंट इतर कशापेक्षा हे जास्त ऐकतात.

सूक्ष्मदर्शी:
मी काही वर्षं व्हायरसच्या लॅबमध्ये काम केलंय. 'तीस सेकंदांत मरतो' ही ओळ परीक्षानळीतली आहे. तिथे व्हायरस मोकळा द्रवात असतो, त्यावर औषध ओतलं, मोजून तीस सेकंद थांबलं, संपलं. फ्लू, कोरोना वगैरेंच्या भोवती चरबीचं पातळ आवरण असतं, ते साबणाने फाटतं, तसंच सीपीसीसारख्या रसायनांनीही फाटतं. साध्या सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस किंवा जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस यांना असलं आवरणच नसतं, म्हणून त्यांच्यावर याचा तसा परिणाम होत नाही. हे पण कोणी बाटलीवर लिहीत नाही.

आता माणसाचा घसा घ्या. व्हायरस काही वर धुळीसारखा बसलेला नसतो, तो पेशींच्या आत असतो. एकेक पेशी तिच्या आत त्याच्या प्रती काढत राहते आणि बाहेर सोडत राहते. शिवाय गुळणी पोचते कुठपर्यंत? तोंड आणि घशाचा पुढचा भाग. नाक, नाकाच्या मागची जागा, श्वासनळी, तिथे गुळणी जातच नाही, आणि फ्लूचा तर सगळा कारभार तिथेच चालतो. म्हणजे छप्पर गळतंय आणि आपण खालची फरशी पुसतोय, पुसली की कोरडी दिसते आणि पाच मिनिटांनी पुन्हा ओली.

बाबा श्वास सोडतात, शिंकतात, खोकतात, ते सगळं नाकातून आणि खालून येतं, तोंड कितीही धुतलं तरी. फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासून ते नंतर साधारण पाच ते सात दिवस इतरांना लागण करू शकतो. तोपर्यंत बाळाच्या खोलीत जायचं नाही, बाकीच्यांसमोर मास्क, खिडक्या उघड्या, हात साबणाने धुवायचे. ही साधी कामं गुळण्यांपेक्षा कितीतरी पट जास्त उपयोगाची आहेत.

जुनीपानं:
हा वाद आजचा नाही. लिस्टरिन नावाचं माऊथवॉश एकोणिसाव्या शतकापासून आहे, १८७९ मध्ये बनवलं गेलं, आणि कित्येक दशकं त्याच्या जाहिरातींत सांगायचे की याने सर्दी आणि घसादुखी टळते किंवा सौम्य होते. शेवटी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे खोट्या जाहिरातींवर कारवाई करणाऱ्या सरकारी संस्थेने, १९७५ मध्ये कंपनीला आदेश दिला की आता तुमच्याच जाहिरातीत सांगा, याने सर्दी किंवा घसादुखी टळत नाही आणि तिचा जोरही कमी होत नाही. कंपनी कोर्टात गेली, १९७७ मध्ये अपील कोर्टानेही तो आदेश मुख्यतः कायम ठेवला.

आणि ४ ऑगस्ट २०२० ला जपानमध्ये ओसाकाच्या गव्हर्नरांनी पत्रकार परिषदेत पोव्हिडोन आयोडीनच्या गुळण्या कोरोनावर उपयोगी पडू शकतात असं सांगितलं, आधार होता ४१ रुग्णांवरचा एक छोटा अभ्यास. त्याच दिवशी दुकानांतल्या बाटल्या गायब झाल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांना खुलासा करावा लागला की याने लागण टळते असं मला म्हणायचं नव्हतं. घाबरलेल्या माणसाला हातात धरता येईल असं काहीतरी हवं असतं, मला त्या लोकांबद्दल वाईटच वाटलं, आणि तुमच्या बाबांचंही मला तसंच वाटतं.

काठावरचा:
सगळेच नाही म्हणतायत म्हणून लिहितोय. मी वर्षानुवर्षं मीठ-पाण्याच्या गुळण्या करतो आणि मला फरक पडतो, शपथेवर सांगतो. घसा सुजलेला असतो तेव्हा गिळता येत नाही, दोन गुळण्यांनंतर गिळता येतं. हे काय मनाचं समाधान आहे का? करून बघायला काय जातं?

सूक्ष्मदर्शी:
काठावरचा, नाही, ते मनाचं समाधान नाहीये, तुम्ही म्हणताय ते बरोबर आहे. मीठ-पाण्याने सुजेतलं पाणी थोडं ओढलं जातं, चिकट कफ सुटतो, घसा ओला राहतो, म्हणून गिळता येतं. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, बस.

उलट गुळण्यांच्या बाजूनेही पुरावा आहे. जपानमध्येच ३८७ निरोगी लोकांवर साठ दिवसांचा प्रयोग झाला होता, २००५ मध्ये छापून आला. एक गट साध्या पाण्याने गुळण्या करणारा, एक पोव्हिडोन आयोडीनने, एक नेहमीसारखा. साध्या पाण्याच्या गटात सर्दी-पडसं बऱ्यापैकी कमी झालं आणि औषधाच्या गटात म्हणावा असा फरक पडला नाही! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा तपासलं होतं. पण त्याच लोकांच्या माहितीत फ्लूसारख्या आजाराचं बघितलं तेव्हा साध्या पाण्याचाही फरक दिसला नाही, आणि निळीशाईंच्या घरात फ्लूच आहे. स्कॉटलंडमधल्या एडिंबरातही ६६ जणांवर छोटा प्रयोग झाला, सर्दी सुरू झाल्या झाल्या मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि गुळण्या, त्यांची सर्दी सरासरी दोनेक दिवस लवकर आटोपली. अभ्यास छोटा आहे पण मला तो आश्वासक वाटतो. माझं म्हणणं एवढंच की गुळणी स्वतःला बरं वाटावं म्हणून करा, तिच्या भरवशावर बाळाजवळ जाऊन बसू नका.

रानवारा:
वाफेबद्दल मला लिहायचंय आणि हात थोडा थरथरतोय लिहिताना. माझी मुलगी पाच वर्षांची होती, नाक चोंदलेलं, रात्री झोपत नव्हती, मी उकळत्या पाण्याचं पातेलं टेबलावर ठेवलं, तिच्या डोक्यावरून टॉवेल घेतला आणि मी तिच्या शेजारीच बसले होते, शेजारीच, तिने मान हलवली, टॉवेल पातेल्याच्या कडेला अडकला आणि सगळं पाणी तिच्या मांडीवर. पुढचे कित्येक आठवडे ड्रेसिंग. डाग आहेत अजून. डॉक्टर म्हणाल्या की वाफेमुळे भाजलेली मुलं आमच्याकडे नेहमी येतात, आणि कोरोनाच्या काळात तर अशी मुलं फार वाढली होती.

वाफेने व्हायरस मरत नाही. त्याला मारण्याइतकी गरम हवा नाकात घेतली तर आधी आपलं नाक भाजेल. मोठ्या माणसाला वाफेने थोडा वेळ मोकळं वाटत असेल तर वाटू दे, पण मुलांना उकळत्या पाण्याजवळ नेऊच नका. बाथरूममध्ये गरम पाण्याचा शॉवर सोडून दार लावून दहा मिनिटं मूल मांडीवर घेऊन नुसतं बसलं, पाण्यापासून लांब, तरी पुरतं. मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर.

पांढरीछत्री:
रानवारा, तुमच्या पोस्टने गलबलून आलं. लिहिलंत ते फार बरं केलंत.

आले आता. निळीशाई, बाळाचं वय दोनच्या आत असल्यामुळे फ्लूमध्ये ते जोखमीच्या गटात येतं, बाबांचं वय ६५ च्या पुढे असेल तर तेही. म्हणून दोघांच्या डॉक्टरांना आजच फोन करा, ताप वाढायची वाट बघू नका. फ्लूवर व्हायरसविरोधी गोळ्या आहेत, ओसेल्टामिव्हिर वगैरे, आणि त्या लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांत घेतल्या तर जास्त उपयोगी पडतात. वहिनीचं काल रात्रीच सुरू झालंय ना, म्हणजे तिच्याकडे अजून वेळ आहे. गुळण्यांत जे दोन दिवस जातात त्याचं मला खरं वाईट याचंच वाटतं.

वहिनी दूध पाजत असेल तर पाजू दे, हात धुऊन आणि मास्क लावून. आईच्या दुधातून बाळाला अँटीबॉडी मिळतात. बाळाचं नाक चोंदलं तर मेडिकलमध्ये मिळणारे सलाइनचे थेंब, घरी केलेलं पाणी नको. मोठ्यांना नाक धुवायचं असेल तरी उकळून गार केलेलंच पाणी घ्या, थेट नळाचं नाही, अशा पाण्यातला अमिबा नाकातून मेंदूपर्यंत गेल्याच्या दुर्मिळ पण जीवघेण्या घटना घडल्यात. मुलांना ॲस्पिरिन अजिबात नाही. बाळ जोरजोरात श्वास घेतंय, बरगड्या आत ओढल्या जातायत, दूध घेत नाहीये, लंगोट बराच वेळ कोरडे राहतायत, ओठ निळसर दिसतायत, यातलं एक जरी दिसलं तर थेट हॉस्पिटल.

मध मोठ्यांच्या आणि एक वर्षावरच्या मुलांच्या खोकल्याला खरंच आराम देतं, रात्री झोप लागते, ते मीही घेते. आणि कोणी कितीही खात्रीने सांगितलं तरी ब्लीच किंवा जंतुनाशकाच्या गुळण्या कधीच नाहीत. २०२० मध्ये अमेरिकेत ५०२ लोकांना विचारलं होतं तेव्हा त्यातल्या चार टक्के लोकांनी पातळ केलेल्या ब्लीचचं पाणी प्यायल्याचं किंवा त्याच्या गुळण्या केल्याचं सांगितलं होतं. माणसं भीतीने काय काय करतात.

निळीशाई:
सगळ्यांचे मनापासून आभार. अपडेट देते.

मध थांबवलं. पांढरीछत्रींची पोस्ट आत्याला तशीच वाचून दाखवली, ती दोन मिनिटं काही बोललीच नाही, मग म्हणाली मला खरंच माहीत नव्हतं गं. डॉक्टरांशी बोलणं झालं, वहिनीला आणि बाबांना गोळ्या सुरू केल्यात, बाळाला संध्याकाळी दाखवायला नेतोय, ताप नाहीये अजून.

बाबांना मी बीपीचं आधी सांगितलं, त्यांना बीपी आहेच. मग छपराचं आणि फरशीचं सांगितलं. ते म्हणाले, मग मी काय करू, नुसतं बसून राहू? मला एकदम रडूच आलं, कारण एवढे दिवस ते तेच तर करत होते, आमच्यासाठी काहीतरी. मी म्हटलं बाबा, तुम्ही खोलीत बसा, खिडकी उघडी ठेवा, तेच आमच्यासाठी करणं आहे. आता खोलीत आहेत, मास्क लावून, दिवसातून तीनदा मीठ-पाण्याच्या गुळण्या. बाळाला काचेच्या दारातून हात करतात.

हिरडी, बाटलीवर क्लोरहेक्सिडिन लिहिलंय. दोन दिवसच वापरलंय, तर डाग पडले असतील का आत्ताच?

हिरडी:
दोन दिवसांत सहसा नाही पडत. चव गेली असेल तर काही दिवसांत परत येईल. बंद करा आणि बाबांना घोट घोट पाणी पीत राहायला सांगा, तोंड कोरडं पडलं असेल. बाळाचं काय झालं ते संध्याकाळी नक्की लिहा.