ऑपरेटिंग सिस्टिम : संचालन प्रणाली की कार्यप्रणाली?

प्रश्न : ऑपरेटिंग सिस्टिमला कुठे संचालन प्रणाली लिहितात, कुठे कार्यप्रणाली, कुठे परिचालन प्रणाली. यातला कुठला वापरायचा? आणि विंडोज हे बाकीच्या सॉफ्टवेअरपेक्षा वेगळं कशामुळे तेही सांगा.

उत्तर : माझं मत स्पष्ट आहे, कार्यप्रणाली नको. तो शब्द आपल्याकडे आधीच दुसऱ्या अर्थाने रुळलाय, पोलिसांची कार्यप्रणाली, पतसंस्थेची कार्यप्रणाली, म्हणजे काम करायची पद्धत. विंडोज किंवा लिनक्स ही पद्धत नाहीये, ते सॉफ्टवेअरच आहे, फरक एवढाच, मशीन चालू असेपर्यंत सतत चालणारं आणि बाकी सगळ्यांना आपल्या ताब्यात ठेवणारं.

थोडं मागे जाऊन बघा. १९५० च्या दशकात कॉम्प्युटरपाशी ऑपरेटर म्हणून माणसं असायची, एकाचं काम संपलं की पुढच्याची कार्डं नाहीतर टेप लावायची, तेवढा वेळ ते महागडं मशीन नुसतं बसून. मग १९५६ मध्ये जनरल मोटर्स आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशनच्या लोकांनी आयबीएम ७०४ या कॉम्प्युटरसाठी एक प्रोग्रॅम केला, एक काम संपलं की पुढचं आपोआप चालू. म्हणजे ऑपरेटरच्या कामाचा मोठा भाग प्रोग्रॅमकडे गेला. आजही मूळ काम तेच आहे फक्त पसारा प्रचंड वाढलाय. सूत्रसंचालक जसा आता कोण बोलणार, किती वेळ बोलणार हे ठरवतो तसं ओएस (म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम) ठरवते की प्रोसेसर आता कुठल्या प्रोग्रॅमला मिळणार, आणि काही मिलिसेकंदांत काढून दुसऱ्याला देते, म्हणून गाणं चालू असताना आपल्याला टाइपही करता येतं. मेमरी कोणाला किती तेही तीच बघते. ब्राउझरने फाइल सेव्ह केली असं आपण म्हणतो खरं पण ब्राउझरला डिस्कला थेट हात लावता येत नाही, कर्नलला, म्हणजे ओएसच्या गाभ्याला, विनंती करावी लागते, परस्पर करायला गेला तर प्रोसेसरच अडवतो. म्हणून मला संचालन प्रणाली हाच शब्द पटतो. परिचालन चूक नाही पण फार सरकारी वाटतो.

प्रतिसाद : पटलं, पण बोलताना कोण म्हणतं हो? दुकानात आपण 'विंडोज टाकून द्या' किंवा 'फॉरमॅट मारा' एवढंच म्हणतो.

उत्तर : बोलताना ओएस म्हणा, काहीच बिघडत नाही. लिहिताना मात्र 'या लॅपटॉपवर कुठली संचालन प्रणाली आहे?' हे वाक्य मला सहज वाटतं. आणि मराठी माणसाला हा विषय परका नाही, कारण युनिकोड देवनागरीची (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक) सोय विंडोज २००० पासून थेट संचालन प्रणालीतच आली, मंगल फॉन्ट आणि इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या कीबोर्ड मांडणीसकट. त्याआधी प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी, दुसऱ्या मशीनवर तो फॉन्ट नसला की मजकुराच्या जागी नुसती अगम्य चिन्हं. जोडाक्षर कसं जुळवायचं हे ओएसलाच कळायला लागल्यावर साध्या नोटपॅडमध्येसुद्धा मराठी नीट उमटायला लागलं, माझ्या मते आपल्या भाषेसाठी हा फार मोठा बदल होता.

प्रतिसाद : मग अँड्रॉइड?

उत्तर : तीही संचालन प्रणालीच. तिच्या पोटात लिनक्सचं कर्नल आहे, लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केलेलं तेच. काटेकोर बोलायचं तर लिनक्स हे फक्त कर्नलचं नाव, पण उबुंटूसारख्या अख्ख्या संचालन प्रणालीलाही सगळे लिनक्सच म्हणतात आणि ते आता रूढ झालंय.