पाणी आणि वारा: सुट्टीत मुलांबरोबर केलेले प्रयोग

विकत आणलेलं किट आठवड्याभरात माळ्यावर जातं, म्हणून यंदा घरातल्या वस्तूंवरच भागवलं. दोन सारख्या तापमापी घ्यायच्या, एकीच्या फुग्याला ओली सुती चिंधी गुंडाळायची आणि पुठ्ठ्याने वारा घालायचा. पुण्यात भर दुपारी कोरडी ३८, ओली २२. माठातलं पाणी गार का होतं, ते वेगळं सांगावं लागलं नाही. तुमच्याकडे काय केलंत? जमलेलं, फसलेलं, सगळं लिहा.

नागपूर: आमच्याकडे ४४ आणि २३! पोरं म्हणे, तापमापीच बिघडली. चिंधी काढून दुसरीला बांधली, तर आकडेही उलटे झाले. मग पटलं.

रत्नागिरी: इथे ३३ आणि २८. हवाच इतकी दमट की चिंधी वाळायचं नाव घेत नाही. कूलर आमच्याकडे चालत नाही तो याचमुळे. मग आम्ही वाऱ्याच्या मागे लागलो. गच्चीवर काठीला लोकरीचा धागा बांधला. दुपारी तो डोंगराच्या बाजूला उडायचा, म्हणजे वारा समुद्रावरून. पहाटे मात्र धागा हलेना. लेकीने उदबत्ती लावली, तर धूर हळूहळू समुद्राकडे वळला. खारे वारे, मतलई वारे भूगोलात घोकलेले होतेच. कारणासाठी दोन थाळ्या उन्हात ठेवल्या: वाळूला हात लावू म्हणता लावता येईना, पाणी नुसतं कोमट.

सातारा: चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या दाखवल्या. वेग दुप्पट तर वाऱ्यातली ऊर्जा आठपट, हे भाच्याला अजून पटलेलं नाही.

ठाणे: स्पष्टच लिहितो. निम्म्या घरांत प्रयोग बाबा करतात आणि मुलं व्हिडिओ काढतात.

सांगली: वळवासाठी पर्जन्यमापक केलं. प्लॅस्टिकच्या बाटलीचं डोकं कापून तेच नरसाळ्यासारखं उलटं बसवलं. बुडाला खळगे असतात, म्हणून ते झाकेपर्यंत आधी पाणी भरून तिथे शून्याची खूण केली. एका सरीत १२ मिलिमीटर! एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. गच्ची ८० चौरस मीटर, म्हणजे ९६० लिटर. धाकट्याने आजोबांना विचारलं, "मग आपण टँकर का मागवतो?" आता गच्चीचा पाइप टाकीत सोडायचा म्हणतोय. पहिल्या सरीचं घाण पाणी बाहेर काढायची सोय कुणी केली आहे का?