शहर बस: आहेत तेवढ्याच गाड्यांत वेळ कशी सांभाळायची?

कुवारबावकर
रत्नागिरीत रेल्वे स्टेशन, कुवारबाव, साळवी स्टॉप, मारुती मंदिर, स्टँड या मार्गासाठी एक निवेदन तयार करतोय. नुसतं 'बस वेळेवर सोडा' लिहून भागणार नाही, करता येण्यासारखं काही हवं. गाड्या आणि कर्मचारी आहेत तेवढेच धरा. बराच वेळ काही येत नाही आणि मग दोन गाड्या पाठोपाठ येतात, हे का होतं? फेरीचा वेळ नक्की कुठे जातो हे कसं मोजायचं? पावसाळ्यासाठी वेगळं काय करावं? काही जण ट्रामचा विषय काढतात, त्याबद्दलही लिहा.

फेरीपत्रक
गाड्या जोडीने येतात त्याला बहुतेक वेळा चालक जबाबदार नसतो. एखादी गाडी दोन मिनिटं मागे पडली की पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी दोन मिनिटांची माणसं जास्त साठतात. ती चढेपर्यंत गाडी आणखी मागे पडते. तिच्या मागून येणारीला थांबे रिकामे मिळतात आणि ती हिला गाठते. हे आपोआप सुटत नाही, शेवटच्या थांब्यापर्यंत वाढतच जातं.

नुकसान हिशोबातच दिसतं. दर १५ मिनिटांनी गाडी आली तर सरासरी साडेसात मिनिटं वाट बघावी लागते. त्याच गाड्या एकदा ५ आणि एकदा २५ मिनिटांनी आल्या, तर दर सहा माणसांतली पाच त्या २५ मिनिटांच्या खोळंब्यात सापडतात आणि सरासरी ११ मिनिटांच्या जवळ जाते. डिझेल तेवढंच, फेऱ्या तेवढ्याच. म्हणून निवेदनात वेगाच्याही आधी दोन गाड्यांमध्ये वेळेचं सारखं अंतर मागा.

त्यासाठी मारुती मंदिराला घड्याळ आणि वही घेतलेला एक नियंत्रक पुरतो. मागची गाडी ठरलेल्या अंतराच्या निम्म्याहून लवकर आली तर तिला दोन-तीन मिनिटं थांबवायचं, त्याहून जास्त नाही, आतली माणसं वैतागतात. मागे पडलेलीला पळवायला जाऊ नये. आणि वेळेआधी गाडी सोडणं पूर्ण बंद. उशिराची गाडी निदान मिळते, आधी गेलेली गेलीच.

साळवी_स्टॉप
मोजणीबद्दल. तीन साधे दिवस निवडा, सण किंवा सुट्टी नको. दोघं जण गाडीत बसा. एकाने प्रत्येक थांब्यावर चाक थांबल्यापासून डबल बेलनंतर चाक हलेपर्यंतचे सेकंद लिहायचे, दुसऱ्याने कोंडीत उभं राहिल्याचे. उरला तो चालता वेळ. निदान २० फेऱ्या झाल्या की एकूण वेळ कमीपासून जास्तीकडे अशा क्रमाने लावा. दहाव्या फेरीचा वेळ हा धावण्याचा वेळ धरा. अठराव्या फेरीचा वेळ आणि हा, यांतला फरक शेवटच्या थांब्यावर विश्रांती म्हणून ठेवा. समजा दहावी २७ मिनिटांची आणि अठरावी ३३ ची, तर सहा मिनिटं राखीव. ही राखीव कापली की सकाळचा उशीर संध्याकाळपर्यंत प्रत्येक फेरीत उतरतो. वेळापत्रक कागदावर छान दिसावं म्हणून नेमकी हीच मिनिटं कापली जातात.

वेळ वाचवण्यातला फायदाही आकड्यांत मांडा. जाऊन-येऊन विश्रांतीसह ७५ मिनिटं लागत असतील तर पाच गाड्यांत दर १५ मिनिटांनी एक मिळते. तीच फेरी ६० मिनिटांत बसली तर त्याच पाच गाड्या दर १२ मिनिटांनी येतात.

वाचवायचा कुठे? थांब्यांवर. माणसं चढण्या-उतरण्याचा वेळ सोडला तरी गाडी थांबवून पुन्हा वेगात आणण्यात प्रत्येक थांब्याला १०-१५ सेकंद जातात. दीडशे मीटरवर असलेले दोन थांबे एकत्र करता येतात, पण मध्ये चढ असेल तर करू नका, म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात. शिवाय बस काठाला सरळ लागायला पुढे-मागे मिळून साधारण ३० मीटर मोकळी जागा लागते. तिथे रिक्षा उभ्या असल्या की बस रस्त्यातच तिरकी थांबते आणि मागची सगळी वाहतूक अडते. रिक्षाथांबा बसथांब्याच्या पुढे, वेगळा आखून द्या.

घाटवळण
पावसाळ्यात थांब्यावर काय होतं ते बघा. शेड रस्त्यापासून लांब, मध्ये जांभ्याचा चिखल आणि वाहतं पाणी. चालक गाडी काठापासून दूर उभी करतो. पहिली पायरी उंच पडते. चढणारा दारातच छत्री मिटतो आणि मागचे भिजत उभे राहतात. शेडचं छप्पर दारापर्यंत आणलं, खाली काँक्रीटचा ओटा केला आणि गटारावर जाळी टाकली तर छत्री आधीच मिटली जाते. मासळीच्या पाट्या मागच्या बाजूला ठेवायची जागा ठरवून द्या, दार मोकळं राहतं.

कोकण रेल्वे पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक लावते, तसं शहर बसचंही जून ते ऑक्टोबर वेगळं हवं. रेल्वेगाडी लेट असेल तर स्टेशनवर एकच ठरलेली बस जास्तीत जास्त दहा मिनिटं थांबेल, बाकीच्या आपल्या वेळेला सुटतील, असा नियम लिहून घ्या.

बिघाडाची कारणंही इथे वेगळी. दमट हवेमुळे दाबाची हवा साठवणाऱ्या एअर टाकीत पाणी साठतं. ते रोज काढलं नाही तर ब्रेक आणि दाराचे व्हॉल्व्ह अडकायला लागतात. खाऱ्या वाऱ्याने बॅटरीच्या टर्मिनलवर थर चढतो, तो साफ करून व्हॅसलीन लावायचं. वायपरचे रबर मे महिन्यातच बदलायचे.

रूळ_आणि_रस्ता
ट्रामबद्दल. मुंबईत १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम आली, १९०७ मध्ये विजेची, आणि ३१ मार्च १९६४ ला शेवटची धावली. रुळावरच्या गाडीला बाजूने वळसा घालता येत नाही. रुळावर एक टेम्पो उभा राहिला की मागच्या सगळ्या ट्राम अडकल्या. टोरंटोच्या किंग स्ट्रीटवर हाच त्रास होता. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये तिथे साधारण अडीच किलोमीटरवर मोटारींना सरळ जायला बंदी करून चौकात वळायला लावलं आणि बरेचसे थांबे सिग्नलच्या पलीकडे नेले. रूळ तेच होते, रस्ता मोकळा केला. २०१९ मध्ये ते कायम झालं.

तुमच्याकडे याचा उपयोग एवढाच: बसथांबा चौकाच्या अलीकडून पलीकडे न्या. अलीकडे असला की माणसं चढेपर्यंत चौक मोकळा होऊन पुन्हा भरतो.

कुवारबावकर
मोजणी पुढच्या आठवड्यात सुरू करतो. गर्दी फार असली की थांब्याचे सेकंद लिहिताना चुका होतील का?

साळवी_स्टॉप
होतील. म्हणून वही न घेता मोबाइलमध्ये आवाज रेकॉर्ड करा. चाक थांबलं की 'थांबली', हललं की 'निघाली' एवढंच बोलायचं, थांब्याच्या नावासह. सेकंद घरी बसून उतरवा.