मसाई पठारावरच्या वनस्पती उन्हाळ्यात कुठे असतात?

प्रश्न : विज्ञान शिक्षक, कोल्हापूर
नमस्कार. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर मे महिन्यात नुसता तापलेला जांभा आणि वाळलेले गवत दिसते. पावसाळा सरता सरता मात्र तेच पठार 'सीतेची आसवे' या कीटकभक्षी रानफुलांनी जांभळे होते. अनुकूलन शिकवताना आपण नेहमी निवडुंग आणि उंटच सांगतो, म्हणून या वर्षी आपल्या परिसरातील उदाहरणे घ्यावीत असे मनात आहे. वीतभरही माती नसलेल्या खडकावर ही रोपे जगतात कशी? माझ्या एका विद्यार्थिनीने विचारले, "अन्न कमी पडले म्हणून त्यांनी कीटक खायचे ठरवले का?" तिला काय सांगावे?

उत्तर १ : वनस्पतिशास्त्राची अभ्यासक
सर, यातील बरीच रोपे उन्हाळ्यात केवळ बीजरूपाने असतात. पावसाच्या महिन्यांतच उगवणे, फुलणे आणि बी धरणे उरकून ती वाळून जातात.

सीतेच्या आसवांचे एक रोप भिंगाखाली अवश्य दाखवा. त्याला खरी मुळे नसतात. ओल्या मातीत धाग्यांसारख्या फांद्या पसरलेल्या असतात आणि त्यांवर टाचणीच्या डोक्याहूनही लहान पिशव्या लागलेल्या असतात. पिशवी आतील पाणी बाहेर टाकते, त्यामुळे आतला दाब कमी होतो. एखाद्या सूक्ष्म जीवाचा दाराजवळच्या केसांना धक्का लागला की दार उघडते, पाण्यासह तो जीव आत ओढला जातो आणि दार मिटते. हे सारे डोळ्याचे पाते लवण्याआधीच घडते. मुसळधार पावसाने पठारावरील उथळ मातीतील नायट्रोजन वाहून जातो, त्याची उणीव अशा शिकारीतून भरून निघते. दवबिंदू ही वनस्पती हेच काम पानांवरील चिकट केसांनी करते.

उत्तर २ : निवृत्त प्राध्यापक
विद्यार्थिनीचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. कोणतेही रोप काही ठरवत नाही. एकाच जातीच्या रोपांमध्ये जन्मतःच थोडेफार फरक असतात. निकस जमिनीत ज्यांना किंचित अधिक पोषण मिळाले, त्यांनी अधिक बी मागे ठेवले, आणि असंख्य पिढ्यांनंतर त्यातून आजची पिशवी घडली. तिला असेही सांगावे की या गुणाची किंमत मोजावी लागते. सापळे बनवण्यात आणि चालवण्यात खर्च होणारी शक्ती वाढीसाठी उरत नाही, म्हणून खत घातलेल्या उसाच्या रानात ही रोपे तणापुढे टिकणार नाहीत.

उत्तर ३ : पठारांवर नियमित जाणारा वाचक
प्राण्यांचे उदाहरण हवे असल्यास सड्यांवरच्या डबक्यांत पाहावे. सह्याद्रीच्या जांभ्या पठारांवरील अशा काही डबक्यांत फेअरी श्रिंप नावाचा, पाठीवर उलटा पोहणारा पारदर्शक जीव आढळतो. डबके आटले की मोठे जीव मरतात, पण त्यांची जाड कवचाची अंडी सुकलेल्या गाळात तग धरून राहतात. विशेष म्हणजे पहिल्या पावसात सगळी अंडी फुटत नाहीत. पाऊस मध्येच दडी मारून डबके आटले तर बाहेर पडलेली पिल्ले मरतात, पण उरलेली अंडी पुढच्या पाण्यासाठी शिल्लक असतात. आमच्याकडे दुबार पेरणीसाठी बियाणे राखून ठेवतात, तसेच हे आहे. सहल नेणार असाल तर मुलांना डबक्यांत उतरू देऊ नये आणि रोपे उपटू नयेत. भिंग घेऊन कडेला बसले तरी पुष्कळ दिसते.